रेकॉर्डरवादनाचे गुण सॉफ्टवेअरने द्यावेत काय? जळगावच्या एका संगीतशिक्षिकेचा अनुभव आणि काही प्रश्न

स्वरगिरणा (जळगाव)

रेकॉर्डर म्हटले की आपल्याकडे अजून टेपरेकॉर्डर आठवतो, म्हणून आधीच स्पष्ट करते की मी शाळेत शिकवल्या जाणाऱ्या उभ्या बासरीविषयी लिहीत आहे. समोर सात भोके, मागे अंगठ्याचे एक, तीन भागांत सुटणारे प्लास्टिकचे हे वाद्य आमच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पाचवी आणि सहावीला आहे. मुले त्याला पिपाणी म्हणतात आणि पहिले दोन महिने ते तसेच वाजतेही. मी मुलांना जी, ए, बी या नावांऐवजी प, ध, नी म्हणायला शिकवते. आमचा सा म्हणजे सी.

प्रश्न मूल्यमापनाचा आहे. माझ्याकडे सहा तुकड्या आहेत आणि प्रत्येक तुकडीत चाळीसच्या आसपास मुले, म्हणजे एकूण सुमारे २४०. आठवड्यातून एक तासिका, तीही ३५ मिनिटांची. प्रत्येक मुलाने उठून यावे, तोंड पुसावे, एक ओळ चुकवून पुन्हा सुरू करावी आणि जागेवर परत जावे, यात दोन मिनिटे सहज जातात. एका तुकडीची ८० मिनिटे म्हणजे कागदावर सव्वादोन तासिका; प्रत्यक्षात परीक्षेपायी तीन आठवडे शिकवणे बंद, आणि एक मूल वाजवत असताना बाकीची एकोणचाळीस मुले काय करतात हे शिक्षकांना सांगायला नको.

या वर्षी शाळेने एक ॲप घेतले. त्याचे नाव येथे देत नाही, कारण दोष त्याचाच आहे की वापरणाऱ्यांचा, हे मलाच ठरवता आलेले नाही. अमेरिकेतील शाळांमध्ये स्मार्टम्युझिकसारखी सॉफ्टवेअर बरीच वर्षे वापरात आहेत आणि आमचे ॲपही त्याच धर्तीचे आहे: पडद्यावर स्वरलिपी दिसते, ठोका सुरू होतो, मूल वाजवते आणि बरोबर स्वर हिरवे, चुकलेले लाल होऊन शेवटी टक्केवारी येते.

सकाळची शाळा सुरू होण्याआधीच्या आठवड्यात, मार्चअखेर, मी एका तुकडीची चाचणी घेतली. ओळ सोपी होती, सोळा मात्रांची, फक्त प, ध आणि नी यांवर. वर्गात जी मुलगी सर्वांत भरदार वाजवते, जिला मी स्नेहसंमेलनात पुढे उभी करते, तिला ४१ टक्के मिळाले. ज्या मुलाची फुंकर मागच्या बाकापर्यंतही पोहोचत नाही त्याला ८८. मुलीचा पडदा मी स्वतः पाहिला. तिने वाजवलेला ध स्पष्ट ऐकू येत होता आणि ॲप मात्र त्या जागी कोमल नी लिहून तो लाल करत होते.

मुख्याध्यापकांना हे आकडे थेट गुणपत्रकात हवे आहेत, कारण 'यंत्राने दिलेल्या गुणांवर पालक वाद घालत नाहीत.' ज्यांना यातले कळते त्यांनी मार्गदर्शन करावे. आपण ऐकतो ते खरे धरायचे की यंत्र दाखवते ते?

रुळांपलीकडे (मूळचा भुसावळ, सध्या पुणे)

ताई, ध वाजवल्यावर कोमल नी दिसला हा तुमच्या प्रश्नातील सर्वांत उपयुक्त तपशील आहे. मी ध्वनिप्रक्रियेच्या सॉफ्टवेअरवर काम करतो, त्यामुळे थोडे लांबण लावतो.

असे ॲप मायक्रोफोनमधून आलेल्या लहरीची पुनरावृत्ती किती वेळाने होते हे मोजते. त्यासाठी वापरली जाणारी एक प्रसिद्ध पद्धत 'यिन' या नावाने ओळखली जाते. आलँ द शव्हेन्ये आणि हिदेकी कावाहारा यांनी ती २००२ मध्ये मांडली. रेकॉर्डरचा आवाज जवळजवळ शुद्ध, कमी उपस्वरांचा असल्यामुळे मोजायला सोपा असतो. कंपनसंख्या मिळाली की ॲप ती सर्वांत जवळच्या अर्धस्वराशी जोडते. दोन लगतच्या अर्धस्वरांतील अंतर १०० सेंट धरतात, म्हणजे स्वर ५० सेंटपेक्षा अधिक चढला की ॲपच्या दृष्टीने तो पुढच्या घरात गेला.

सोप्रानो रेकॉर्डरचा तुमचा ध ८८० हर्ट्झचा. त्याच्या वरचा कोमल नी ९३२ चा. या दोहोंची सीमारेषा सुमारे ९०६ वर पडते.

आता जळगावचा मार्च घ्या. वाद्यातील हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो आणि स्वर चढतो. २० अंशांना हा वेग सेकंदाला ३४३ मीटर असतो, ४० अंशांना ३५५ च्या आसपास. नळीतील हवा खरोखर २० वरून ४० अंशांवर गेली तर स्वर ५५ ते ६० सेंट चढेल. प्रत्यक्षात इतका फरक पडत नाही, कारण फुंकर मुळातच उबदार असते आणि थंड खोलीतही नळी आतून कोमटच असते. तरीही तापलेल्या वर्गात २५ ते ३० सेंट चढणे मला स्वाभाविक वाटते. त्यात जोरदार फुंकर मारणाऱ्या मुलाचा स्वर आणखी चढतो, हा रेकॉर्डरचा स्वभावच आहे. उन्हाचे ३० आणि फुंकरीचे २५ मिळून ५५ झाले की तुमची भरदार वाजवणारी विद्यार्थिनी सीमारेषेपलीकडे गेली. हळू फुंकणाऱ्या मुलाचा स्वर फुंकरीमुळे जितका उतरला तितका उन्हाने चढवून दिला आणि तो ८८ टक्क्यांना पोहोचला. यंत्राने मोजण्यात चूक केलेली नाही. मोजण्याचा आरंभबिंदू चुकीचा होता.

चाचणी कोणत्या वेळी आणि कोणत्या खोलीत झाली?

स्वरगिरणा (जळगाव)

दुपारी एकच्या सुमारास, वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. आता लिहिताना माझे मलाच हसू येत आहे. तबल्याला उन्हाळ्यात पुन्हा पुन्हा हातोडी लावणारी मी, पण प्लास्टिकच्या नळीचाही स्वर चढेल हे माझ्या ध्यानात आले नाही.

पांझरेचे नाना (धुळे, निवृत्त शिक्षक)

वरील गणित वाचून ज्ञानात भर पडली. तथापि मला मूळ कल्पनेविषयीच शंका आहे. बत्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत समूहगीते बसवली, हार्मोनियमवर बोटे फिरवली, आणि मूल्यमापन म्हणजे मूल काय करू पाहत आहे हे ओळखणे, असेच मानत आलो. एखाद्या मुलाने तिसऱ्या मात्रेवर चूक केली, क्षणभर थांबला, मनाशी मोजले आणि पाचव्या मात्रेवर बरोबर येऊन मिळाला, तर माझ्या लेखी तो वर्गातील सर्वांत सुजाण वादक आहे. यंत्र त्याचे दोन स्वर लाल करील आणि पुढे जाईल.

पण न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तोंडी परीक्षेत पहिल्या मुलाला मी जितक्या आस्थेने ऐकत असे तितके पस्तिसाव्याला ऐकत नसे. जेवणाच्या सुटीआधीच्या मुलांना अर्धा गुण कमी मिळत असावा असा मला दाट संशय आहे. शिवाय नाव ओळखीचे असले की कान आधीच निकाल देऊन बसतो.

ताई, तुम्हाला एक प्रयोग सुचवतो. वीस मुलांचे ध्वनिमुद्रण करा. सहकारी शिक्षिकेला त्यांना क्रमांक द्यायला सांगा, नावे लपवा आणि त्यांतील पाच ध्वनिमुद्रणे तुम्हाला न सांगता दुसऱ्या क्रमांकाने पुन्हा मिसळायला सांगा. ॲपचे आकडे न पाहता सर्वांना श्रेणी द्या. यंत्राची परीक्षा घेण्याआधी परीक्षकाची घेऊ.

बोरीकाठ (अमळनेर)

मी शिक्षिका नाही, पालक आहे. माझी मुलगी सहावीत आहे आणि तिच्या शाळेतही असेच एक ॲप आहे. गृहपाठ म्हणून आठवड्याला एक ध्वनिमुद्रण पाठवायचे असते, आणि गुण वाढवायचे असतील तर कितीही वेळा पुन्हा वाजवता येते.

एका रविवारी तिने एकच ओळ एकोणीस वेळा वाजवली. शेवटी सासूबाई आतून म्हणाल्या, "ती पोर तीच तीच ओळ काब्र वाजाडी ऱ्हायनी?" मी जवळ जाऊन बसले तेव्हा दिसले की ती स्वरलिपीकडे पाहतच नव्हती. तिची नजर पडद्याच्या कोपऱ्यातील, स्वर चढा की उतरा हे दाखवणाऱ्या सुईवर होती. सुई हिरव्या पट्ट्यात राहावी म्हणून ती इतकी जपून फुंकत होती की आवाज पातळ, कापरा झाला होता आणि ओळीच्या मध्येच, जिथे गाण्यात कोणी श्वास घेणार नाही तिथे, ती श्वास घेत होती. त्या खेपेला तिला ९६ गुण पडले. पूर्वी ती हीच ओळ गच्चीवर मोकळेपणाने वाजवत असे आणि खालचे शेजारी चाल ओळखत असत.

दुसरी तक्रार कूलरविषयी. कूलर चालू असताना गुण कमी पडतात, म्हणून मुले तो बंद करून घामाघूम होऊन वाजवतात. एकदा कुकरची शिट्टी मध्ये आली आणि ॲपने तिची नोंद एक जादा स्वर म्हणून केली.

मुलांचे आवाज आणि ध्वनिमुद्रणे कुठे साठवली जातात, हेही शाळेने आम्हाला कधी सांगितले नाही. केवळ एक कोड दिला आणि ॲप घ्यायला लावले.

रुळांपलीकडे (मूळचा भुसावळ, सध्या पुणे)

ताई, शेवटचा मुद्दा आधी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले आहे आणि तिच्या माहितीवर प्रक्रिया करण्यासाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती आवश्यक ठरवली आहे. शाळेला लेखी विचारा. ध्वनिमुद्रण किती दिवस ठेवतात आणि कोण ऐकू शकते, हे दोन प्रश्न पुरेसे आहेत.

कूलरबद्दल थोडे वेगळे सांगायचे आहे. खुद्द कूलरच्या घरघरीपेक्षा ती घालवण्यासाठी फोनमध्ये असलेली सोय अधिक त्रासदायक ठरू शकते. फोन बोलण्यासाठी बनवलेला असतो. माणसाचा आवाज सतत बदलतो, पंखा एकसारखा वाजतो. म्हणून जे एकसारखे वाजते ते गोंगाट समजून दाबायचे, असा फोनचा हिशेब असतो. रेकॉर्डरचा चार मात्रांचा लांब प या हिशेबात पंखाच ठरतो! व्हिडिओ कॉलवर बासरी ऐकवताना लांब स्वर मधेच विरून जातो तो याच कारणाने. ॲपच्या सेटिंगमध्ये गोंगाट दाबण्याची आणि आवाजाची पातळी आपोआप सावरण्याची सोय बंद करता येते का ते पाहा. जे ॲप या गोष्टी बंद करू देत नाही ते वाद्याच्या परीक्षेसाठी घेऊच नये, असे माझे मत आहे.

तालाचीही अशीच गंमत होते. मुले बिनतारी इअरफोन लावून ठोका ऐकतात. त्यात आवाज पोहोचायला शंभर-दोनशे मिलिसेकंदांचा उशीर सहज होतो. मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत एक मात्रा ७५० मिलिसेकंदांची आणि अर्धी मात्रा ३७५ ची. त्यातील २०० उशिरात गेले तर अचूक तालात वाजवणारे मूलही प्रत्येक स्वर उशिरा वाजवल्यासारखे दिसते. तारेचा इअरफोन वापरावा, किंवा ठोका हलक्या आवाजात शेजारच्या दुसऱ्या फोनवर लावावा.

स्वरगिरणा (जळगाव)

नाना, आपण मला चांगलेच पकडले. प्रयोग केला, तोही दोन भागांत.

आधी उन्हाचा. एकच मुलगा, एकच रेकॉर्डर, एकच ध. सकाळी पाऊणेआठ वाजता वर्गातील तापमापक २५ अंश दाखवत होता, तेव्हा स्वर ८८४ हर्ट्झ आला. दुपारी एक वाजता त्याच वर्गात ३९ अंश होते आणि स्वर ८९८. मुलाला मी फुंकर सारखीच ठेवायला सांगितले होते. ती त्याने कितपत ठेवली हे त्यालाच ठाऊक. मोजणी ॲपवर न सोडता ध्वनिमुद्रण संगणकावर घेऊन ऑडॅसिटीत केली. ते मोफत आहे आणि स्वर किती वेळ एका जागी टिकला हेही त्यात दिसते. दुपारचा स्वर सकाळच्यापेक्षा सुमारे २७ सेंट चढा निघाला. रुळांपलीकडे यांचा अंदाज इतका तंतोतंत निघाल्यामुळे आमच्या विज्ञानशिक्षकांनी तो फळ्यावर मांडला आणि माझी एक तासिका घेतली, ती अजून परत केलेली नाही.

आता परीक्षकाची परीक्षा. वीस ध्वनिमुद्रणे आणि त्यांत लपवलेली पाच पुनरावृत्ती, अशी पंचवीस मी एका बैठकीत ऐकली. त्या पाचांपैकी दोन मुलांना मी दुसऱ्या वेळी वेगळी श्रेणी दिली. एकाला अ वरून ब, दुसरीला ब वरून अ. दोन्ही वेळा ध्वनिमुद्रण तेच होते. ॲपने अर्थातच दोन्ही वेळा तोच आकडा दिला. इतकी वर्षे 'माझा कान' असे जे मी अभिमानाने म्हणत होते ते आता जरा जपून म्हणेन.

मात्र ॲप आणि मी जिथे जुळलो नाही ती ध्वनिमुद्रणे पुन्हा ऐकल्यावर एक गोष्ट लक्षात आली. कोणता स्वर वाजला यावर आमचा वाद जवळजवळ नव्हता. वाद होता तो श्वास कुठे घेतला, स्वराची सुरुवात स्वच्छ झाली की फुसकन झाली, आणि ओळ संपताना मुलाला ती संपत आहे हे ठाऊक होते की नाही, यांवर. या तिन्ही गोष्टी ॲपच्या टक्केवारीत नाहीतच.

एक नवे कोडे मात्र पडले आहे. दुसऱ्या तुकडीत मी आता म शिकवला आहे. अकरा मुलांचा म प्रत्येक वेळी लाल येतो, सकाळीसुद्धा. बोटे मी स्वतः तपासली. बरोबर आहेत.

सूरपेटी (शहादा)

म विषयी मला सांगता येणार नाही, ते जाणकार सांगतील. मी हार्मोनियम आणि बासरी शिकवतो आणि शाळेत आठवड्यातून दोन दिवस रेकॉर्डरही घेतो. माझा अनुभव वेगळ्या टोकाचा आहे.

आमच्याकडे कोकणा समाजातील मुले आहेत, त्यांपैकी काहींच्या घरी पावरी वाजते. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: वाळलेला भोपळा आणि बांबूची नळी यांचे हे वाद्य नाचाबरोबर फुंक तुटू न देता दीर्घकाळ वाजवतात. अशा घरातील एका मुलाने रेकॉर्डर हातात घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात जो श्वास दाखवला तो मला सात वर्षांत कोणाकडे दिसला नव्हता. ॲपने त्याला पन्नासच्याही खाली ठेवले. कारण पाहिले तर सरळ होते. ओळीत प प ध ध असे जोडस्वर होते आणि त्याने ते न तोडता एकच लांब प, एकच लांब ध असे वाजवले. रेकॉर्डरवर एकाच स्वराची दोनदा ओळख द्यायची तर जिभेने 'तु-तु' असा आघात करावा लागतो. तो नसेल तर ऐकणाऱ्यालाही एकच स्वर ऐकू येतो. म्हणजे यंत्राचे म्हणणे खरे होते. मी त्याला 'तु' दाखवला आणि तीन दिवसांत त्याचे गुण नव्वदीत गेले.

तरीही मला प्रश्न पडतो की त्या पहिल्या आठवड्याच्या गुणपत्रकात काय लिहायचे होते. एक गोष्ट त्याला येत नव्हती, आणि एक गोष्ट वर्गात कोणालाच येत नव्हती ती त्याला येत होती. ॲपला दुसरीचे नावही ठाऊक नाही.

आपल्या चालींबाबतही जपावे. मी एकदा भजनाची चाल बसवली आणि मुलांनी ग वरून प पर्यंत बोटे हळूहळू उचलत सुंदर मींड घेतली. ॲपने त्या एका मींडेत चार चुकीचे स्वर मोजले. बारा अर्धस्वरांच्या घरांत जे बसते तेच त्याला संगीत वाटते; तेव्हा ॲपवर द्यायच्या ओळी सुट्या स्वरांच्याच असाव्यात, आणि मींड वर्गात समोर बसून ऐकावी.

फुंकर (धुळे)

स्वरगिरणा ताई, तुमच्या म चे उत्तर बहुधा वाद्यातच आहे. मी ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या रेकॉर्डर परीक्षांना मुले बसवते आणि हा गोंधळ दरवर्षी पाहते.

बाजारात दोन प्रकारचे रेकॉर्डर मिळतात, बरोक पद्धतीचे आणि जर्मन पद्धतीचे. जर्मन पद्धत १९२० च्या दशकात पेटर हार्लान यांनी सुरू केली, नवशिक्यांना म सोपा जावा म्हणून. जर्मन रेकॉर्डरवर अंगठा आणि वरची चार भोके बंद केली की म मिळतो. बरोक रेकॉर्डरवर तेवढ्याने म मिळत नाही, तो चढा राहतो. पाचवे भोक उघडे ठेवून सहावे आणि सातवेही बंद करावे लागते. तुम्ही वर्गात एकच बोटयोजना शिकवली असणार, आणि अकरा पालकांनी दुसऱ्या प्रकारचे वाद्य आणले असणार.

ओळखायचे कसे? भोकांकडे पाहा. जर्मन पद्धतीत समोरचे पाचवे भोक चौथ्यापेक्षा लहान असते, बरोकमध्ये चौथे लहान असते. पुढच्या वर्षी यादीत स्पष्टपणे 'बरोक' लिहा. जर्मनचा म सोपा असला तरी पुढे तीव्र म आला की त्याची किंमत मोजावी लागते.

आणि स्वर चढतो म्हणून मुले मुखाचा भाग बाहेर ओढू लागतील, ते योग्यच आहे, पण मोजून ओढावा.

रुळांपलीकडे (मूळचा भुसावळ, सध्या पुणे)

त्याला जोडून सांगतो. मुखाचा भाग तीन मिलिमीटर बाहेर ओढला तर ध साधारण २५ सेंट उतरतो, पण खालचा सा मात्र १५ च्या आसपासच, कारण सा ची नळी लांब आहे आणि तिच्या मानाने तीन मिलिमीटर किरकोळ. फार ओढले तर स्वर आपापसांत बिघडतात. म्हणून दुपारी घेणे भागच असेल तर थोडे ओढावे आणि उरलेला फरक ॲपच्या आधारस्वरात (८८० च्या ध पेक्षा एक सप्तक खालच्या ध मध्ये), ४४० ऐवजी ४४३ किंवा ४४५ हर्ट्झ करून, भरून काढावा. साथीचा ट्रॅक लावत असाल तर तोही तेवढाच चढवावा लागेल, नाहीतर मूल यंत्रासाठी सुरात आणि साथीसाठी बेसूर होईल.

आणखी एक. रेकॉर्डरची स्वरलिपी प्रत्यक्ष स्वरापेक्षा एक सप्तक खाली लिहिण्याची प्रथा आहे. ॲपमध्ये वाद्य म्हणून 'रेकॉर्डर' न निवडता 'बासरी' किंवा 'इतर' निवडले तर काही ॲप सगळेच स्वर चुकीच्या सप्तकात धरतात. गुण शून्य आले तर मुलाला बोलण्याआधी हे तपासा.

स्वरगिरणा (जळगाव)

फुंकर ताई, अकराही रेकॉर्डर बरोक निघाले. पाचवे भोक मोठे, चौथे लहान, अगदी आपण लिहिल्याप्रमाणे. गावातील एकाच दुकानात मध्येच दुसरा माल आला होता.

यावरून माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. एकेका मुलाचा आकडा पाहत होते तेव्हा मला अकरा कच्ची मुले दिसत होती. संपूर्ण तुकडीचे लाल स्वर एका कागदावर ओळीने मांडले तेव्हा दोष वाद्याचा आहे हे दिसले. कूलर, पत्रा, इअरफोन, सगळ्यांचा माग असाच काढता आला असता. ॲप मला मुलांपेक्षा माझ्या वर्गाची माहिती अधिक चांगली देते.

मुख्याध्यापकांशी चर्चा केली. टक्केवारी गुणपत्रकात जाणार नाही. सराव घरी ॲपवर होईल, त्यात लाल-हिरवे दिसेल, पण सुई लपवलेली असेल. ती सोय सेटिंगमध्ये आहे. बोरीकाठ ताई, हे आपल्या मुलीमुळे सुचले. परीक्षेची ओळ मुले सकाळी शाळेत, तळमजल्यावरील ग्रंथालयाशेजारच्या खोलीत एकेक करून मुद्रित करतील, ४० सेकंदांची, आणि वर्गात त्या वेळी माझे शिकवणे चालू राहील. २४० मुलांचे ४० सेकंदांप्रमाणे १६० मिनिटे होतात. मी ती दहा-दहाच्या गटांनी, नावे झाकून, चहा घेत ऐकणार आहे, आणि प्रत्येक गटात एक जुने ध्वनिमुद्रण सहकारी मिसळून ठेवतील. वेळ वाचवण्यासाठी आपण गुण देणारे यंत्र घेतले, आणि वेळ वाचला तो केवळ ध्वनिमुद्रणाच्या बटणामुळे. तेवढे काम साध्या फोननेही झाले असते, हे मुख्याध्यापकांना सांगायचे मी तूर्त टाळले आहे.

संमतीपत्राचा मसुदा शाळेच्या कार्यालयात दिला आहे. ध्वनिमुद्रणे निकालानंतर पुसली जातील असे त्यात लिहिले आहे.

पांझरेचे नाना (धुळे, निवृत्त शिक्षक)

व्यवस्था उत्तम. दोन श्रेणी बदलल्या हे उघडपणे लिहिल्याबद्दल आपले कौतुक वाटते. मी तुमच्या जागी असतो तर एकच सांगितली असती.

त्या ४१ टक्केवाल्या मुलीचे काय झाले?

स्वरगिरणा (जळगाव)

तिला कारण समजावून सांगितले, तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे मी हळू फुंकू का?" मी नको म्हटले. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला ती आली, मुखाचा भाग किंचित बाहेर ओढला, पट्टीने मोजला, दोन मिलिमीटर, आणि नेहमीच्या जोरात वाजवले. सोळाही मात्रा हिरव्या आल्या. मग तिने तीच ओळ पुन्हा वाजवली, या वेळी शेवटच्या प वर थोडी रेंगाळली. ॲपने तो प लाल केला. तिने पडदा उपडा ठेवला आणि वर्गात निघून गेली.